पहिल्या हाकेला ओ

कंदिलाची वात थोडी वर करा आणि असे जवळ सरकून बसा. बोईसरची वीज एकदा गेली की तिची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमचा रेडिओ उद्या बघू. मघाशी तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे तो नवापूरचा देवू असायचा, तो कुठे दिसत नाही. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण आता अंधारात नुसतं गप्प बसून राहणं मला जमत नाही, म्हणून सांगतो.

मी कऱ्हाडकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तसे इकडे कामगार आले, कामगारांमागून रेडिओ आले आणि रेडिओंमागून मी आलो. भुताखेतांना मी कधी जुमानलं नाही. आवाज आला की त्याला कारण असतं, गेला की त्यालाही कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या तारेच्या सुटलेल्या टाक्यात सापडतं. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला छाती काढून ऐकवायचो.

देवू नवापूरच्या मांगेल्या कोळ्यांतला, तिशीतला गडी. त्याचा धाकटा भाऊ चिंतू होडीवरून पडला तो परत मिळालाच नाही. तेव्हापासून त्याची आई मंगळी देवूला समुद्रावर पाठवेना. घरात बायको मंजुळा, पोट तर भरायला हवं, म्हणून तो माझ्याकडे लाउडस्पीकरच्या कामाला लागला. आवाज असा भरदार की याला माइकची गरज काय, असं लोक गमतीनं म्हणायचे.

त्याची एक खोड होती. कुणीही हाक मारली तरी तिसऱ्या हाकेशिवाय तो ओ देत नसे. त्या किनाऱ्यावर पुष्कळांचं तसंच आहे. पाण्यात गेलेला माणूस नावानं बोलावतो, पण त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी हाक जिवंत माणसाचीच, असा त्यांचा समज. मी चेष्टा करायचो, "देवू, तुझ्या घराला आग लागली तर तिसऱ्यांदा सांगेपर्यंत राख भरायची वेळ येईल." तो हसायचा, पण रीत मोडायचा नाही.

कामावर मात्र त्यानं स्वतःच सूट काढली होती. कर्णे लावताना एक जण यंत्रापाशी बसून माइकवर हाक मारतो, दुसरा लांब कर्ण्याखाली उभा राहून आवाज आला की ओ देतो. तिथे तिसऱ्या हाकेपर्यंत थांबला असता तर लग्न लागून वरात निघाली असती. तेव्हा तारेतून आलेल्या पहिल्याच हाकेला तो ओ द्यायचा. मी एकदा कारण विचारलं.

"ते पान्यातून येतात मिस्तरी, वाऱ्यातून येतात," तो म्हणाला. "तारेतून कशे येतील? तारेतली हाक मानसाचीच."

मी म्हटलं, चला, अर्धा तरी शहाणा झालास.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर बन्सी दुकानात आला. बन्सी जळगावकडचा, केंद्रावर वेल्डर, राहायला सालवडला. त्यानं कामगारांचा ऑर्केस्ट्रा काढला होता आणि स्वतः गिटार वाजवायचा, मांडीवर आडवी ठेवून, तारेवर लोखंडी कांडी सरकवत. केंद्रावरचा एक अमेरिकन साहेब मायदेशी परत जाताना त्याला गिटार आणि तिचा अँप्लिफायर देऊन गेला होता. मोठी पेटी, पुढे कापड, मागे दिव्यासारखे जळणारे काचेचे व्हॉल्व्ह. साहेबानं नवापूरच्या बाहेर सुरूच्या बनात भाड्यानं घेतलेला बंगला रिकामाच होता, किल्ली बन्सीकडे होती, आणि तालीम तिथेच चालायची.

"खंडेरावभाऊ, याचा आवाज गेला," बन्सी म्हणाला.

"येतच नाही?"

"येतो ना. पण त्यात जीव नाही."

पेटी दुकानात ठेवून घेतली. साहेबाचं यंत्र एकशेदहा व्होल्टचं, त्याला वीज उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर जोडला आणि गिटारची तार छेडली. आवाज असा गोल, उबदार आला की शेजारचा चहावाला फडकं हातात घेऊन बाहेर येऊन उभा राहिला. मी बन्सीला म्हटलं, यंत्र ठणठणीत आहे, तुझ्या कानात मळ असेल. तो पेटी घेऊन गेला आणि दोन दिवसांनी रडवेला होऊन परत आला. बंगल्यावर नेली की आवाज पुन्हा मरतो.

दुकानात बरं आणि घरी आजारी असं यंत्र म्हणजे मिस्त्रीच्या डोक्याला ताप. खोट यंत्रात नसून जागेत असते, तेव्हा जागेवरच जावं लागतं. बन्सीची दुसरी पाळी होती. त्यानं किल्ली दिली आणि देवूला घेऊन मी दुपारच्या एसटीनं निघालो.

बंगला गावापासून लांब, समुद्राला तोंड करून होता. सुरूच्या झाडांत वारा शिरला की सतत कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटायचं. लांब कुठेतरी बोंबील वाळत घातले होते, त्याचा वास घरभर. दार उघडलं तर आत गारवा, भिंती ओलसर. देवू उंबऱ्यातच थबकला. मी विचारलं तर म्हणाला, काय नाय.

मी कामाला लागलो. आधी वीज मोजली. ती बरोबर होती. गिटारची तार छेडली आणि माझंच तोंड पडलं. बन्सी खरं बोलत होता. आवाज होता, पण पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. खालचा सगळा भरीवपणा कुणी काढून घेतलेला, नुसतं वरचं सालपट उरलेलं.

एक हात खिशात घालून मी पेटीची पाठ उघडली. उघड्या यंत्रात दोन्ही हात घालणारा मिस्त्री फार दिवस जगत नाही. कंडेन्सर तपासले, टाके पुन्हा तापवले. एक चांगला व्हॉल्व्ह उगाच काढून परत बसवला, चोर सोडून संन्याशाला फाशी. मग पेन्सिलीच्या लाकडी टोकानं एकेका व्हॉल्व्हच्या काचेवर टिचकी मारत गेलो. पुढचा लहान व्हॉल्व्ह टिचकीसरशी स्पीकरमधून टण्णकन बोलला. असं होतं कधीकधी. आतली जुळणी सैल झाली की व्हॉल्व्ह स्वतःच माइकसारखा ऐकायला लागतो. आम्ही म्हणतो, व्हॉल्व्हला कान फुटले.

मी गिटार काढून ठेवली आणि आवाज वाढवला. खोलीतले आवाज स्पीकरमधून येऊ लागले. माझ्या चपलेची करकर, सुरूंचा वारा. आणि त्याखाली पाणी. किनाऱ्यावरच्या लाटा नव्हेत, होडीच्या बुडाला आतून कान लावला की ऐकू येतं तसं पाणी. देवूच्या मानेवर घाम आला होता.

"मिस्तरी, उद्या येऊ."

"उद्या बन्सीचा कार्यक्रम आहे. तू बाहेर जा. आपला स्पीकर घेऊन त्या झाडाखाली बस."

शंका खोलीवर होती. दगडी खोलीत आवाज कधीकधी असा मरतो. म्हणून मी पेटीतल्या स्पीकरची जोडणी काढली आणि लांब वायरीनं आमचा तपासणीचा स्पीकर बाहेर दिला. मी आत माइकवर हाक मारायची आणि त्यानं बाहेर ओ द्यायची, आमची नेहमीची पद्धत. ऊन उतरलं होतं. खिडकीतून फक्त सुरूची खोडं दिसत होती, देवू दिसत नव्हता. मी पिशवीतून माइक काढला. वायरीला गाठ पडली होती, ती सोडवत बसलो.

"ओ," बाहेरून देवूचा आवाज आला.

मी हसलो. "अरे, हाक तर मारू दे."

मग तो हळूच म्हणाला, "मिस्तरी... तुमी हाक मारली ना?"

मी हातातल्या माइककडे पाहिलं. वायरीचं टोक माझ्या मांडीवर होतं. यंत्राला काही जोडलेलंच नव्हतं.

"नाही रे," मी म्हटलं.

"मंग माज्या नावानं..."

का कोण जाणे, मला उठवेना. वाऱ्यावर आलेली कुणाची तरी हाक त्या फुटक्या कानाच्या व्हॉल्व्हनं पकडली असेल, असं मी स्वतःला बजावलं. कारण सापडलं, आता भ्यायचं काय? शेवटी बाहेर गेलो. देवू झाडाखाली पाठमोरा बसला होता, स्पीकर मांडीवर. मी जवळ गेलो तसा तो उठला, स्पीकर वाळूत ठेवला आणि माझ्या अंगावरून निघून गेला. चपला तिथेच राहिल्या. त्याच्याभोवती वास होता, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. त्यानं मान वळवली नाही. किनाऱ्यानं नवापूरकडे जाताना त्याची चाल काही वेगळीच दिसत होती.

मी स्पीकर उचलून आत आलो. सामान आवरताना गिटारची वायर मीच यंत्रात खोचली असावी, मला नीट आठवत नाही. सदऱ्याची बाही तारेला लागली आणि आमच्या त्या भंगार स्पीकरमधून असा सूर निघाला की माझ्या अंगावर काटा आला. खोल, भरीव, उबदार. यंत्रात जीव आला होता. बटण बंद करायचंही मला सुधरलं नाही. किल्ली फिरवली आणि मी रस्त्याला लागलो.

दुसऱ्या दिवशी देवू कामाला आला नाही. मी नवापूरला त्याच्या घरी गेलो. मंजुळा बाहेर, जाळ्यांच्या ढिगापाशी बसली होती. आत मंगळी त्याला जेवायला वाढत होती. म्हातारीच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"आला माजा पोर," ती म्हणाली. "येनार ते ठावं व्हतं मला."

देवूनं माझ्याकडे पाहिलं. ओळखीची खूण नाही. "आये, ह्यो कोन?" त्यानं विचारलं. तोंड देवूचं, पण आवाज कोवळा, वरच्या पट्टीतला, जेमतेम विशीतल्या पोराचा.

मी बाहेर आलो. मंजुळा माझ्याकडे न बघता बोलली.

"काल सांजच्याला आले. मी पानी दिलं. तर मला म्हनाले, वयनी, दादा कुटं हाय?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "दादा, माजा नवरा मला वयनी म्हनाला."

लोक म्हणाले, भावाच्या दुःखानं डोकं फिरलं, भगताला बोलवा. पण मंगळीनं भगताला उंबरा ओलांडू दिला नाही. तिचा धाकटा मुलगा परत आला होता. त्याला कोण हुसकावणार? चार दिवसांत तो होडी घेऊन समुद्रावर जाऊ लागला.

बन्सीनं तो कार्यक्रम पेटीवर उरकला, बाजाच्या पेटीवर. मी परत दिलेली बंगल्याची किल्ली त्यानं माझ्या टेबलावर आणून टाकली. चेहरा पांढरा पडला होता.

"आवाज झकास झाला भाऊ. पण वाजवायचं थांबलं की मधेच आतून कुणीतरी विचारतं."

"काय विचारतं?"

"मिस्तरी... तुमी हाक मारली ना?"

मी मंजुळेला सांगायला नको होतं, असं कुणीही म्हणेल. पण नवरा कुठे आहे ते बायकोला नाही सांगायचं तर कुणाला? ती लगेच निघाली. सांज होत आली होती. मी माइक जोडून तिच्या हातात दिला. ती नुसती उभी राहिली, आणि मग माझ्या लक्षात आलं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"देवू," ती म्हणाली. काही नाही. तिनं पुन्हा हाक मारली. नुसतं ते पाणी. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला.

"ओ..."

अगदी बारीक, लांबून. पण देवूचाच. तिसऱ्या हाकेला. मंजुळेनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मंजुळा... घरात कोन हाय?"

"चिंतूभावजी हायेत."

"त्याला माज्या अंगातून ऊठ म्हन."

"आय उठवू देत नाय," ती रडत म्हणाली. "तुमी या."

"जागा नाय... हितं लय काळोख हाय. ह्यो एवढासाच उजेड. मिस्तरीला सांग... इझवू नको."

उजेड म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. पेटीच्या आत व्हॉल्व्हची तार नारिंगी जळत होती.

तेव्हापासून ते यंत्र आम्ही बंद केलं नाही. दुकानात आणून पाहिलं असतं, पण उचलून न्यायला वीज तोडावी लागली असती आणि तेवढी छाती कुणाची होती? मंजुळा सुकट विकून परतताना रोज बंगल्यावर जायची, तिसऱ्या हाकेला ओ ऐकायची, दिवसभराचं सांगायची. घरी तिला वयनी म्हणणारा नवरा आणि इथे हा. एक-दोनदा मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. ती त्याला भाकरीला पीठ कुठून आणलं ते सांगत होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

पण व्हॉल्व्ह म्हणजे दिवाच. जळतो तसा झिजतो. त्यात ही आपली वीज. एकदा जाऊन आली की देवूचा आवाज आणखी बारीक व्हायचा. पावसाळ्यात त्याचे शब्द कळेनासे झाले. नुसती ओ उरली, तीही चुलीतल्या फुंकरीएवढी. असले व्हॉल्व्ह इकडे मिळत नाहीत. मुंबईला लॅमिंग्टन रोड पालथा घातला. शेवटी साहेबाच्या कपाटामागे एक खोका निघाला, त्यात त्याच नंबरचा एकच नवा व्हॉल्व्ह.

मी मंजुळेला म्हटलं, बदलला तर काय होईल ते मला सांगता येत नाही. आयुष्यात प्रथमच मी असं म्हणत होतो.

"नायतरी इझतोच हाय," ती म्हणाली. "बदला."

ही कालची गोष्ट. दिवेलागणीच्या आधी आम्ही गेलो. मी खिशात एक हात घातला, दुसऱ्यानं जुना व्हॉल्व्ह काढला. तो तिनं पदरात घेतला. काच अजून गरम होती. नवा बसवला. तार हळूहळू तांबडी झाली, मग नारिंगी. मी माइक तिच्या हातात दिला.

"देवू," ती म्हणाली.

"ओ."

भरदार, खणखणीत. खिडकीची तावदानं थरथरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं, जमलं. मंजुळेकडे पाहिलं तर तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं माइक खाली ठेवला.

"ह्यो त्यो नाय."

"अगं, आवाज..."

"पयल्या हाकेला बोल्ला, दादा. त्यो एकदा फसला, आता पयल्या हाकेला कंदी बोलायचा नाय. काडा. जुना घाला."

मी नवा उपटला, हात पोळला तरी. जुना बसवला. तो पेटला नाही. काढताना आतली तार तुटली असावी. मी वाकून बघत राहिलो, काचेत काळोख. पुढचा व्हॉल्व्ह मेला की यंत्रातून आवाज येऊच शकत नाही, हे कुणीही शिकाऊ पोर सांगेल.

"ओ," स्पीकर म्हणाला.

तोच, नवा, भरदार. आम्ही दोघं भिंतीला टेकलो. जरा वेळानं पुन्हा. "ओ." मग पुन्हा. कुणी काही बोलत नव्हतं, माइक जमिनीवर पडला होता आणि तो एकामागून एक ओ देत होता, दर वेळी जरा जास्त अदबीनं, जरा जास्त घाईनं.

मंजुळेनं मेलेला व्हॉल्व्ह पेटीतून काढून घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि माझी बाही धरली.

"दादा," ती कानाशी म्हणाली, "त्यो ओ देतोय... मंग त्याला हाक कोन मारतंय?"

मी तिला घरापर्यंत सोडलं आणि शेवटच्या एसटीनं परत आलो. यंत्र तिथेच आहे, चालूच.